ज्याचा सण, त्याने बसायचं

बाई कोणालाही नावाने हाक मारत नसत.

"अहो तीनशे दोन, तो नारळ आहे, लॅपटॉप नाही. दोन्ही हातांनी धरा."

तीनशे दोन म्हणजे त्या नंबरच्या फ्लॅटमधले, हिंजवडीच्या कंपनीतले मोठ्या हुद्द्यावरचे साहेब. त्यांना न्यायला गाडी यायची, ड्रायव्हर दार उघडून उभा राहायचा. ते निमूट नारळ दोन्ही हातांनी धरायचे. बाई पेठेतल्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात मंगळसूत्र नाही पण शिट्टी होती. शिट्टी वाजली की पोरं रांगेत उभी राहायचीच, पण त्यांचे बापही नकळत पोट आत घ्यायचे.

केरळच्या चेची, म्हणजे त्यांच्याकडच्या ताई, एकदा म्हणाल्या, "बाई, इतकी वर्षं झाली, एकदा तरी माझं नाव घ्या."

"नाव घेतलं की आडनाव आठवतं," बाई म्हणाल्या. "आडनाव आठवलं की माणूस कुठला ते आठवतं. मग पुढचं सगळं बिघडतं. तुम्ही दोनशे चार आहात, छान आहात."

मला फ्लॅट नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याच्या बाजूला माझं इस्त्रीचं टेबल आहे. म्हणून मी होते "अहो पार्किंग". पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाईट वाटलं होतं. नंतर लक्षात आलं, की त्या साहेबांना लावायच्या तोच 'अहो' मलाही लावत होत्या, आणि त्यात इकडचा तिकडचा फरक नव्हता. पुण्यात येईपर्यंत मला 'अहो' म्हणणारं माणूस भेटलं नव्हतं. माझ्या नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मंग मीही म्हणू का?" म्हटलं, नको, मला हसू येईल.

मी यवतमाळकडची. सातवीनंतर शाळा सुटली, मग लग्न झालं, मग पुणं आलं. नवरा सायकलवर घरोघरचे कपडे गोळा करतो, मी इस्त्री करते. कपडे गुंडाळायला गिऱ्हाइकं वर्तमानपत्रांची रद्दी देतात, ती वाचता वाचता मला वाचायची सवय लागली. स्वभाव मात्र घाबरट तो घाबरटच. इस्त्रीचं बटण बंद केलं की नाही हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत येते. कोणी नुसतं "जरा थांबा" म्हटलं तरी वाटतं, आता म्हणणार, उद्यापासून येऊ नका.

आधी आमचं टेबल बाहेर रस्त्याकडेला होतं. कंपनीच्या बसगाड्या एकामागून एक जायच्या, धूळ उडायची. एक दिवस बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. एका पांढऱ्या शर्टाची कॉलर उचलून बघितली.

"शर्टावर तुम्ही रस्ता छापून देताय. आत या."

"कोणाला विचारावं लागन, जी?"

"मला विचारलंत ना आत्ता."

टेबलाचं एक टोक त्यांनी स्वतः उचललं. मला वाटलं, बिल्डिंग यांचीच असणार.

बाईंचा खरा कारभार चालायचा तो सणांना. आमच्याकडे देशातल्या सगळ्या दिशांची माणसं आहेत. पूर्वी म्हणे ज्याचा सण तो आपापल्या दाराआड करायचा आणि बाकीच्यांना नुसता वास यायचा. बाईंनी एक नियम काढला. ज्याचा सण, त्याने बसायचं. राबायचं बाकीच्यांनी. ओणमला चेचींनी खुर्चीत बसायचं आणि फुलांची रांगोळी इतरांनी घालायची. ईदला तिसऱ्या मजल्यावरच्या आपांनी बसायचं, शीरखुर्मा दुसऱ्या कोणीतरी करायचा. आणि बसलेल्या माणसाने चूक काढायची नाही. हे कलम सगळ्यांत कठीण होतं.

चुका तर व्हायच्याच. एका पाडव्याला गुढी उभारायचं काम चेचींकडे आलं. काठीच्या टोकाला तांब्या पालथा घालायचा हे त्यांना काही केल्या पटेना. देवाचं भांडं पालथं कसं? त्यांनी तो सुलटा ठेवून सुतळीने आवळला आणि रिकामा बरा दिसत नाही म्हणून त्यात तांदूळ भरले. दिवसभर चिमण्या आणि कबुतरं गुढीवर येऊन जेवत होती. खाली खुर्च्यांवर मराठी मंडळी माना वर करून, ओठ दाबून बसली होती. एकशे चारच्या आजोबांच्या तोंडून 'अहो पण' एवढं निघालं, तशी शिट्टी वाजली.

"पाडव्याला पाखरं जेवली," बाई म्हणाल्या. "तुमच्या गुढीवर कधी जेवली होती का?"

त्याच आजोबांच्या घरी ईदचा शीरखुर्मा करायचं काम आलं, तेव्हा आजींनी बासुंदीत घालतात तसं त्यात सढळ हाताने जायफळ किसलं. दुपारी सगळी बिल्डिंग झोपली. वॉचमनसुद्धा. आपा खुर्चीत बसून पदराआड हसत होत्या, पण बोलल्या नाहीत. पुढच्या ईदला आपांनी स्वतःच्या घरच्या शीरखुर्म्यात चिमूटभर जायफळ घातलं, हे त्यांच्या सुनेने मला सांगितलं.

बाई स्वतः कशाचीच पूजा करताना मला दिसल्या नाहीत. देव मानता का, असं विचारलं तर म्हणायच्या, "ओळख नाही. पण त्याच्या निमित्ताने माणसं खाली उतरतात. एरवी लिफ्टमधून थेट गाडीत." प्रसादसुद्धा रांगेत शेवटी उभं राहून घ्यायच्या, आणि संपला असेल तर "हिशेब चुकला तुमचा" एवढंच बोलून जायच्या. स्पीकर बिघडला की दोन बस बदलून बुधवार पेठेत जाऊन दुरुस्त करून आणायच्या, पण त्याचा आवाज कधी वाढवू द्यायच्या नाहीत. शिट्टी असताना स्पीकर कशाला, हा त्यांचाच प्रश्न असे.

आता त्या नाशिकला भाचीकडे असतात. गेल्या त्या सकाळी लोकांनी निरोपसमारंभ ठरवला होता. तर टेम्पोत सामान चढवता चढवता म्हणाल्या, "माझा सण करायचा नाही. मला बसता येत नाही." आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या.

मला सांगायचं आहे ते त्याच्या दोन-तीन वर्षं आधीचं. त्या साली सोसायटीला नवे सेक्रेटरी मिळाले. पाचशे एक. माणूस वाईट नव्हता. शर्टाची घडी वेडीवाकडी झाली तरी कधी आवाज चढवला नाही. पण त्यांना सगळं रेषेत लागायचं. त्यांनी पार्किंगमध्ये पांढरे पट्टे मारून घेतले, आणि माझं टेबल नेमकं पाहुण्यांच्या गाडीच्या चौकोनात आलं. गणपतीत नोटीस लागली. वार्षिक सभेपुढच्या विषयांत एक विषय होता, पार्किंगमधील इस्त्रीचे टेबल हटवणे.

ती नोटीस बहुतेक सगळ्यांत आधी मीच वाचली. बाहेर रस्ता रुंद झालेला, तिथे आता टेबल लावायला वीतभर जागा नव्हती. ही गिऱ्हाइकं सुटली तर पुण्यात राहायचं कशावर?

नवरा म्हणाला, "चूप राह्य. आपण दिसलोच नाही तं विसरून जाईन ते."

तसंच वागायला लागले. कपडे दोरीवर टांगायचे बंद केले. सेक्रेटरीसाहेब आले की मी खाली वाकून काहीतरी शोधल्यासारखं करायची. पण रात्री झोप लागेना, तेव्हा बाईंकडे गेले.

"बाई, सभेत तुम्ही बोलान का, जी?"

"मला सभेला बोलवत नाहीत."

मला वाटलं नेहमीसारखं तिरकं बोलल्या. म्हटलं, "तुमचं कोण ऐकनार नाही?"

"अहो पार्किंग, मी भाडेकरू आहे. फ्लॅटचे मालक परदेशात. सभेत मला खुर्ची नाही आणि मत नाही."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मोठमोठ्या साहेबांना रांगेत उभं करणारी बाई, आणि या बिल्डिंगमध्ये तिचा हक्क माझ्यापेक्षा चार बोटं जास्त. माझं टेबल आत आणलं ते कोणाच्या जोरावर? कोणाच्याच नाही. मी आणखी घाबरले. माझ्यापायी यांनाही कोणी बोललं तर?

बाईंनी चहा ठेवला. मग उगाच विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्याकडे भाद्रपदात काय असतं हो, गणपती गेल्यावर?"

"भुलाबाई," मी म्हटलं.

आणि मग मी बोलतच सुटले. गणपती बुडाले की पौर्णिमेला भुलाबाई येते, म्हणजे पार्वतीच, माहेरपणाला. सोबत भुलोजी, म्हणजे शंकर. मातीच्या मूर्ती. संध्याकाळी पोरी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, घरोघर जातात, प्रत्येक घरी झाकलेली खिरापत असते आणि ती ओळखल्याशिवाय मिळत नाही. माझी आई पातेल्यावर झाकण धरून बसायची आणि पोरींना दमवायची. बाई मधे मधे विचारत होत्या, बसवतात कशावर, किती दिवस, कोण गातं. मी सगळं सांगितलं. परत येताना जिन्यात आठवलं, की मी ज्या कामाला गेले होते ते राहूनच गेलं.

विसर्जनाच्या संध्याकाळी सगळे खालीच होते. शिट्टी वाजली.

"उद्या पार्किंगचा सण आहे. कामं वाटून घ्या."

लोक पार्किंगकडे बघायला लागले. मग माझ्याकडे. मी बाईंच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बाई, नको. आत्ता नको, जी."

"ज्याचा सण त्याने बसायचं. नको म्हणायची सोय नाही."

दुसऱ्या दिवशी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. हात कुठे ठेवावेत कळेना. चेची आणि आपांनी गणपतीतून उरलेल्या शाडूच्या मूर्ती केल्या होत्या. भुलोजी भुलाबाईच्या खांद्याला लागत होता आणि त्याला आपांनी झोकदार मिशा काढल्या होत्या. मूर्ती ठेवायच्या कुठे, यावर चर्चा झाली. बाई म्हणाल्या, "उंच आणि सपाट असं तेच एक आहे." माझ्या टेबलावरचं पांघरूण अर्धं दुमडलं, त्यावर पाट ठेवला आणि भुलाबाई बसली. पांढऱ्या पट्ट्यांच्या चौकोनात.

नवरा खांबाआडून माझ्याकडे बघत होता. त्याचा चेहरा सांगत होता, झालं.

एकशे चारच्या आजींनी विचारलं, "हत्ती कुठाय? भोंडल्याला मधे हत्ती लागतो."

"हत्ती तुमचा," बाई म्हणाल्या. "आज तुमचा सण नाही."

आमची गाणी कोणालाच येत नव्हती. आजींनी भोंडल्याची धरली, कोणी गरब्याच्या काठ्या आणल्या, चेचींनी त्यांच्याकडचं काहीतरी टाळ्यांवर म्हटलं. फेर उलट्या बाजूने फिरत होता. सगळं चुकत होतं आणि मला बोलायची बंदी होती. खुर्चीचे हात घट्ट धरून मी आईचं पातेलं आठवत होते, आणि डोळे पुसले तर लोकांना वाटेल काही बोचलं, म्हणून पुसतही नव्हते.

खिरापतीचं काम बाईंनी सेक्रेटरीसाहेबांना दिलं होतं. ते झाकलेलं पातेलं घेऊन आले. कोणी म्हणालं शिरा, कोणी ढोकळा, कोणी करंजी. पोरं थकली. साहेब पहिल्यांदाच मजेत दिसले. शेवटी झाकण काढलं तर आत पॉपकॉर्न. पोरं ओरडली, आणि मी हसले. आमच्याकडे खिरापतीला ज्वारीच्या लाह्या करतात. त्यांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. दिवसभरात एवढी एकच गोष्ट बरोबर झाली होती, तीही चुकून.

सगळे उठायला लागले, तेव्हा साहेब म्हणाले, "छान झालं हं. आता उद्या सकाळी हौदात विसर्जन करून टाकू. टेबलही मोकळं होईल."

"हो, हो," चार-पाच जण म्हणाले. इथल्यांना भोंडला एका संध्याकाळचा ठाऊक, नाहीतर दीड दिवसाचा गणपती.

बोलावं तर बाईंचा नियम मोडतो. शिवाय लोक काय म्हणतील? टेबल वाचवायला देवीला बसवली. न बोलावं तर ती बिचारी आज आली, उद्या हौदात. आमच्या गावी शत्रूच्या लेकीलाही कोणी असं धाडत नाही. मी बाईंकडे पाहिलं. त्या बुटाची नाडी बांधत होत्या. नवरा मान हलवून मला नको नको म्हणत होता.

मी उभी राहिले.

"साहेब, भुलाबाई उद्या नाही जात," मी म्हटलं. आवाज माझाच आहे का असं वाटलं. "महिनाभर राह्यते. कोजागिरीला जाते. माहेराला आलेली आहे, जी. तुम्ही म्हणसान तं मी आत्ता तिला घरी घेऊन जाते, माझ्या खोलीत. पण बुडवू नका."

"महिना?" साहेब म्हणाले. "म्हणजे टेबल महिनाभर इथेच?"

"तिला नेते ना, जी. टेबल तुम्ही काढा."

मागे इथल्या मूळ गावातल्या आक्का बसल्या होत्या. जिथे ही बिल्डिंग आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची, त्यातले दोन फ्लॅट त्यांना मिळालेले. त्या सणांना यायच्या पण बोलायच्या नाहीत. आज बोलल्या.

"कुठं नेती गं? आलेली हाय ती, बसू दे की. आमच्या ज्वारीच्या रानात तुमी समदे येऊन बसला, मी कधी म्हनले का, उद्या सकाळी जागा मोकळी करा?"

साहेबांनी पांढऱ्या पट्ट्याकडे बघितलं. मग पातेलं उचललं आणि म्हणाले, "बरं. राहू दे. सभेत बघू."

भुलाबाई राहिली. अर्ध्या टेबलावर ती, अर्ध्यावर मी. एका वेळी एकच शर्ट मावायचा, बाही खाली लोंबायची, काम तुंबायचं. संध्याकाळी पोरी यायच्या. मी त्यांना आमची गाणी शिकवली, कारण बाई म्हणाल्या की पहिल्या दिवसानंतर बसायचा नियम लागू नाही. रोज एका घरची खिरापत. आपांच्या घरची तर तासभर कोणाला ओळखता आली नाही, शेवटी त्यांनी दमून झाकण काढलं. सभा गच्चीवर झाली. मी खाली एकच पँट पुन्हा पुन्हा दाबत होते. चेची उतरल्या तेव्हा सांगितलं, तो विषय आला तेव्हा कोणीतरी म्हणालं, तिथे भुलाबाई बसली आहे ना, मग पुढचा विषय घेतला.

म्हणजे हटवलंही नाही आणि ठेवलंही नाही. कोजागिरीला पोरींनी भुलाबाईला हौदात सोडलं, दूध वाटलं, आणि माझी भीती परत आली. आता टेबलावर कोणीच नव्हतं. आधार गेला होता. रिकाम्या अर्ध्या भागावर हात न्यायची मला हिंमत होईना. पांघरूण दुमडलेलं तसंच ठेवून मी आपली अर्ध्यावरच इस्त्री करत राहिले, म्हटलं, जितकी जागा कमी व्यापू तितकी जास्त दिवस राहील. बाई येता-जाता बघायच्या, पण बोलायच्या नाहीत.

मग एका सकाळी सेक्रेटरीसाहेब खाली आले. हातात घड्याळ बांधत होते.

"माझा निळा शर्ट?"

"होतो, जी. आत्ता होतो."

"काल पण हेच म्हणालात. परवा पण." त्यांनी टेबलाकडे नीट पाहिलं. "हे अर्धंच का वापरता?"

मी गठ्ठ्यातून निळा शर्ट शोधून काढला.

"पूर्ण वापरा की. दिवाळी आली, सगळ्यांचे कपडे उशिरा मिळतायत. तक्रारी माझ्याकडे येतात."

आणि त्यांनी स्वतः पांघरुणाची दुमड उलगडून टोकापर्यंत ओढली, एका रेषेत बसवली, आणि गाडीकडे गेले.

मी निळा शर्ट पसरला. दोन्ही बाह्या टेबलावर मावल्या. बाई दुधाची पिशवी घेऊन फाटकातून येत होत्या. थांबल्या. टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"अहो पार्किंग, त्या दिवशी बसल्या जागेवरून उठून बोललात. नियम मोडलात."

"हाव, बाई. चुकलं."

"शिक्षा आहे. पुढच्या वर्षी खिरापत तुम्ही करायची. आणि तीनशे दोनना ओळखता येईल अशी करा, त्या माणसाला फक्त शिरा माहीत आहे."

त्या जिना चढून गेल्या. मी इस्त्री टेकवली. पुढच्या वर्षी, असं म्हणाल्या होत्या त्या.